आठ की वीस? : तरावीहवरच्या पुस्तकांनी न विचारलेले प्रश्न

रमजानमधल्या तरावीहच्या नमाजवर काही करायचं ठरवलंत, तर पहिल्याच आठवड्यात तुमच्या हातात एक तयार प्रश्न पडेल : रकात आठ की वीस? पुस्तकांची नावं हेच विचारतात, उर्दू पुस्तिका हेच विचारतात, भाषणांचे व्हिडिओही हेच. दोन बाजू ठरलेल्या आहेत, दोन्हीकडचे पुरावे ओळीने मांडून ठेवलेले आहेत. सिनॉप्सिस दोन दिवसांत लिहून होईल. इतका आयता विषय मिळाला की मला जरा धास्तीच वाटते.

आज या वादावरच्या काही पुस्तकांबद्दल लिहितोय. पुस्तकं वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही. उलट त्यांतली दोन-तीन तर संशोधन शिकायला फार उपयोगी आहेत. पण ती ज्या प्रश्नाचं उत्तर देतात तो धर्मशास्त्राचा प्रश्न आहे, आणि आपण तोच प्रश्न जसाच्या तसा इतिहासाच्या किंवा समाजशास्त्राच्या प्रबंधात उचलून आणतो. घोळ तिथे होतो.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रमजानच्या महिन्यात रात्री इशाची फर्ज नमाज झाल्यावर आणखी एक लांब नमाज होते, ती तरावीह. उभं राहून कुरआन पठण, मग रुकू म्हणजे कमरेतून वाकणं, मग दोन सजदे, ही झाली एक रकात. दोन-दोन रकातींनंतर सलाम फेरतात. चार रकात झाल्या की थोडा वेळ बसायचं. या विसाव्याला अरबीत तरवीहा म्हणतात, आणि तरावीह हे त्याचं अनेकवचन. म्हणजे या नमाजला नाव मिळालंय ते मधल्या विश्रांतीवरून! हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. शेवटी वित्र, म्हणजे विषम संख्येच्या रकातींची नमाज. बऱ्याच मशिदींत हाफिज, म्हणजे ज्याला अख्खं कुरआन पाठ आहे असा माणूस, या नमाजमध्ये महिनाभरात सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुरआन ऐकवतो.

आता पहिली अडचण आपल्या भाषेतलीच. मराठीत लिहिताना आपण सहज म्हणतो की तरावीह ही 'ऐच्छिक' नमाज आहे. फर्ज नाही, एवढ्यापुरतं ते बरोबर. पण हनफी फिक्हमध्ये ती सुन्नत-ए-मुअक्कदा मानली जाते. म्हणजे जिच्यावर विशेष भर आहे आणि जी कारणाशिवाय कायमची सोडून देणं दोषाचं आहे, अशी सुन्नत. 'ऐच्छिक' म्हटलं की मराठी वाचकाला परीक्षेतला ऐच्छिक विषय आठवतो, घेतला तर घेतला. मोहल्ल्यात राहून रोज तरावीह चुकवणाऱ्या तरुणाला विचारा हा शब्द कितपत लागू पडतो ते! फर्ज आणि मनाची मर्जी यांच्यामध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत, आणि तरावीहचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी या पायऱ्यांवरच्या हालचालीचा इतिहास आहे. म्हणून प्रबंधात मूळ संज्ञा ठेवा, एकदा नीट समजावून सांगा आणि पुढे तीच वापरा. 'ऐच्छिक' लिहून मोकळं होऊ नका.

हे मी उगाच ताणत नाहीये. या नमाजबद्दलची सर्वांत प्रसिद्ध हदीस याच मुद्द्यावर आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हजरत आयशांकडून ती आली आहे. पैगंबर मुहंमद एका रात्री मशिदीत नमाजला उभे राहिले, काही लोक त्यांच्या मागे उभे राहिले. दुसऱ्या रात्री गर्दी वाढली. मग एका रात्री लोक जमले, वाट बघत बसले, पण पैगंबर बाहेर आलेच नाहीत. सकाळी त्यांनी कारण सांगितलं : ही नमाज तुमच्यावर फर्ज होईल अशी मला भीती वाटली. बघा, जमाव वाढतोय आणि जमावासोबत सक्ती येईल ही काळजी आहे. नमाज नको असं कुठेच नाही. आणि त्या रात्री रकात किती झाल्या? या हदीसमध्ये आकडाच नाही.

दुसरी महत्त्वाची रिवायत हजरत उमर यांच्या खिलाफतीतली, म्हणजे इ. स. ६३४ ते ६४४ या काळातली. ती बुखारीत आहे, मुवत्तातही आहे. सांगणारे अब्दुर्रहमान इब्न अब्द अल्-कारी. रमजानच्या एका रात्री ते उमर यांच्याबरोबर मशिदीकडे गेले. लोक विखुरलेले होते. कुणी एकटाच नमाज पढतोय, कुणाच्या मागे चार-सहा जण उभे आहेत. उमर यांना वाटलं, सगळ्यांना एका पठण करणाऱ्याच्या मागे आणलं तर बरं. त्यांनी उबै इब्न कअब यांच्या मागे सगळ्यांना एकत्र केलं. पुढे एका रात्री ते पुन्हा गेले, तेव्हा सगळे एकाच जमातीत उभे होते. ते बघून त्यांनी या नव्या गोष्टीला चांगली बिदअत म्हटलं, आणि लगेच पुढे जोडलं की रात्रीचा जो भाग हे लोक झोपेत घालवतात तो यापेक्षा श्रेष्ठ आहे.

'बिदअत' या एका शब्दावर ग्रंथच्या ग्रंथ झाले. शिया विद्वानांनी याच शब्दाच्या आधारे जमातीतली तरावीह नाकारली. बारा इमामी शिया परंपरेत रमजानच्या रात्रींत जास्तीच्या नमाज आहेत, महिनाभरात एक हजार रकातींची प्रथा आहे, पण त्या एकेकट्याने पढायच्या. सुन्नी विद्वानांनी हा शब्द इथे केवळ भाषिक अर्थाने आला आहे, असं उत्तर दिलं. आपल्या कामाचा मुद्दा जरा वेगळा आहे. बुखारीतल्या या रिवायतीतही आकडा नाही. उमर यांच्यासमोरचा प्रश्न होता की लोकांनी कुणाच्या मागे उभं राहायचं आणि एकत्र उभं राहायचं की विखुरलेलं. एकटा माणूस रात्री उठून नमाज पढतो तेव्हा त्याने किती रकात पढल्या हे दुसऱ्या कुणाला ठरवावं लागत नाही. शंभर माणसं एका इमामामागे उभी राहिली की ठरवावं लागतं. माझं या लेखातलं म्हणणं एवढंच आहे : आकड्याचा प्रश्न हा एकत्र येण्याच्या प्रश्नातून निघालेला आहे, आणि पहिला तेवढा उचलून दुसरा टाकून दिला तर साधनं नीट वाचताच येत नाहीत.

कशी वाचता येत नाहीत, ते मुवत्तावरून दाखवतो.

मदिनेचे इमाम मालिक (मृत्यू इ. स. ७९५) यांच्या मुवत्तात रमजानच्या रात्रीच्या नमाजचं एक छोटं प्रकरण आहे. यह्या इब्न यह्या अल्-लैसी यांचा पाठ घ्या, तोच सहज मिळतो. वर सांगितलेल्या रिवायतीनंतर साइब इब्न यजीद यांची रिवायत येते : उमर यांनी उबै इब्न कअब आणि तमीम अद्-दारी यांना लोकांसाठी अकरा रकात पढवायला सांगितल्या. लगेच पुढे यजीद इब्न रूमान यांची रिवायत : उमर यांच्या काळात लोक तेवीस रकात पढत. म्हणजे एकदा आठ आणि तीन वित्र, एकदा वीस आणि तीन वित्र. मालिक यांनी दोन्ही शेजारी ठेवल्या आणि पुढे गेले. आजचा पुस्तिका लिहिणारा इथे पानंच्या पानं भांडला असता.

पण पुढचं वाचा. साइब यांच्या त्या रिवायतीतच आहे की पठण करणारा शेकडो आयतींच्या सूरा वाचायचा, उभं राहून राहून लोक काठ्यांना टेकायचे आणि पहाट फुटायच्या सुमारास घरी जायचे. त्यानंतरची अल्-अअरज यांची रिवायत सांगते की इमाम सूरा बकरा आठ रकातींत संपवायचा, आणि कधी त्याने ती बारा रकातींत संपवली तर लोकांना वाटायचं, आज हलकं केलं. आणखी एका रिवायतीत माणसं नमाजहून परतताना नोकरांना जेवणाची घाई करतायत, कारण सहरीची वेळ निघून जाईल.

जरा हिशोब करा. सूरा बकरा म्हणजे २८६ आयती, पहिले दोन पारे पूर्ण आणि तिसऱ्याचा काही भाग. एवढं आठ रकातींत. आपल्याकडच्या अनेक मशिदींत रात्रीला सव्वा पारा होतो, तोही वीस रकातींत. म्हणजे तिथल्या एका रकातीत इथल्या चारांहून जास्त रकातींचं पठण मावलंय. मग आज आठ रकात छोट्या सूरांनी वीस-पंचवीस मिनिटांत उरकणारा माणूस त्या अकरांच्या रिवायतीचा आधार कसा घेणार? आणि धावत्या पठणाने वीस उरकणाऱ्यालाही तेवीसचा आधार तितकाच पोकळ आहे. त्या प्रकरणात लोकांना जाणवत होता तो लांबीचा भार. काठ्या, बकरा, सहरीची घाई या सगळ्यातून तोच बोलतोय.

जुन्या विद्वानांना हे दिसलं नव्हतं असं समजू नका. बैहकी (मृत्यू १०६६) यांनी दोन्ही आकडे जुळवताना म्हटलं की आधी अकरा होत्या, मग वीस झाल्या. इब्न हजर (मृत्यू १४४९) यांनी फतह अल्-बारीत पठणाची लांबी आणि रकातींची संख्या यांचा व्यस्त संबंध मांडला : पठण लांब तर रकात कमी, पठण छोटं तर रकात जास्त. इब्न तैमिया यांचंही म्हणणं साधारण याच वळणाचं, की उभं राहण्याच्या लांबीप्रमाणे संख्या बदलू शकते. विसाव्या शतकातल्या वादात ही बाजू मागे पडली.

आता त्या वादातल्या पुस्तकांकडे येऊ. नासिरुद्दीन अल्बानी (१९१४–१९९९) यांचं 'सलात अत्-तरावीह' हे अरबी पुस्तक आठच्या बाजूचं मुख्य पुस्तक. त्यांचं म्हणणं थेट आहे : पैगंबरांनी रमजानमध्ये किंवा इतर वेळी अकरापेक्षा जास्त पढल्या नाहीत अशी आयशांची रिवायत बुखारीत आहे, म्हणून त्यापुढे जाऊ नये. उत्तरादाखल इस्माईल अल्-अन्सारी यांनी वीसच्या रिवायतीचं समर्थन करणारं पुस्तक लिहिलं. आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या मऊचे हबीबुर्रहमान आजमी यांचं उर्दू 'रकआत-ए-तरावीह' वीसच्या बाजूने आहे. हे तेच आजमी, ज्यांनी अब्दुर्रज्जाक अस्-सनआनी यांच्या 'मुसन्नफ'ची अकरा खंडांची संपादित आवृत्ती काढली. पुस्तिकांच्या वादात उतरलेला माणूस म्हणून कुणाला हलक्यात घेऊ नका, असं मी म्हणतो ते यासाठी.

या पुस्तकांचं बलस्थान सनदीची छाननी, म्हणजे कुणी कुणाकडून ऐकलं या साखळीची तपासणी. साइब इब्न यजीद यांचंच उदाहरण बघा, पद्धतीच्या तासाला शिकवावं इतकं चांगलं आहे. साक्षीदार एकच. त्यांच्याकडून मुहंमद इब्न यूसुफ सांगतात : अकरा. त्यांच्याकडूनच यजीद इब्न खुसैफा सांगतात : वीस, ही बैहकींकडे आहे. आणि अब्दुर्रज्जाक यांच्या मुसन्नफमध्ये पुन्हा मुहंमद इब्न यूसुफ यांच्याच मार्गाने येतं : एकवीस! अल्बानींनी इब्न खुसैफा यांना कमी भरवशाचं ठरवलं. दुसरी बाजू म्हणते की इब्न खुसैफा तर बुखारी आणि मुस्लिम दोघांनी स्वीकारलेले रावी आहेत. दोन्हीकडचे युक्तिवाद ताकदीचे आहेत. एकेक मुद्दा वहीत लिहून काढा, साखळीचा तक्ता स्वतः बनवा. मुलाखतींवर काम करणाऱ्यांनाही याचा उपयोग आहे, कारण एकाच माणसाने दोघांना दोन आकडे सांगणं, किंवा ऐकणाऱ्यांनी वेगवेगळे लक्षात ठेवणं, हे तुमच्या फील्डवर्कमध्येही होणारच.

माझी तक्रार पुढच्या पायरीबद्दल आहे. या लेखनात एखादी रिवायत जईफ, म्हणजे कमजोर ठरली की विषय संपतो. आचार ठरवायचा असेल तर तसंच करावं लागेल. इतिहासाच्या विद्यार्थ्याचं काम मात्र तिथून सुरू होतं. यजीद इब्न रूमान घ्या. ते उमर यांच्या काळात नव्हतेच, त्यांची पिढी बरीच नंतरची. म्हणून साखळी तुटलेली आहे, आणि उमर यांच्या काळात काय झालं याला ही रिवायत भक्कम पुरावा नाही. मान्य. पण यजीद इब्न रूमान यांच्या काळातल्या मदिनेत लोक काय मानत होते, याला ती चांगलाच पुरावा आहे. उमर यांच्या वेळी तेवीस होत्या, असं त्या शहरात सांगितलं जात होतं, आणि मालिक यांना ते नोंदवण्याजोगं वाटलं. म्हणजे एकाच वाक्याची किंमत प्रश्नाप्रमाणे बदलते. स्वतः पैगंबरांनी वीस पढल्या अशी एक रिवायत इब्न अबी शैबा यांच्या संग्रहात आहे. तिच्यातला एक रावी कमजोर, हे हनफी हदीस-अभ्यासकांनीही मान्य केलंय. त्या पहिल्या रात्रींना आठचा आकडा देणारी जाबिर यांची रिवायत आहे, तिच्याही साखळीवर आक्षेप आहेत. आयशांच्या हदीसमध्ये जिथे आकडा नव्हता, नेमक्या तिथे दोन्ही बाजूंचे आकडे येऊन बसले. हे कधी, कुठे, कुणाच्या तोंडून घडलं? एखाद्याने एवढंच शोधलं तरी चांगलं प्रकरण होईल.

वीसच्या बाजूचा मोठा आधार म्हणजे चालत आलेला आचार : पिढ्यान्‌पिढ्या समाज वीस पढत आलाय, मग आज वेगळं कशाला? समाजाच्या आचाराला पुरावा मानणं मला पटतं. पण हा आचार सगळीकडे एकसारखा होता असं जे गृहीत धरलं जातं, ते पटत नाही. तिर्मिजी (मृत्यू ८९२) यांनी आपल्या संग्रहात नोंदवलंय की काही जण वित्र धरून एक्केचाळीस मानतात, हे मदिनेच्या लोकांचं मत. बहुतेक विद्वान वीस मानतात. आणि इमाम शाफिई यांनी आपल्या गावी, मक्केत, लोकांना वीस पढताना पाहिलं. मालिकी ग्रंथांत मदिनेचा छत्तीस आणि तीन वित्र हा आचार प्रसिद्धच आहे. आठ-वीसच्या पुस्तिका वाचून आलेल्या विद्यार्थ्याला हा छत्तीसचा आकडा पहिल्यांदा दिसतो तेव्हा छापण्यात चूक आहे असंच वाटतं!

छत्तीस कुठून आले? नववी यांच्यासारख्या शाफिई विद्वानांनी दिलेलं स्पष्टीकरण मोठं गमतीचं आहे. मक्केतले लोक दर चार रकातींनंतरच्या विसाव्यात काबाभोवती तवाफ करायचे. मदिनेत काबा नाही. मग बरोबरी साधायला मदिनेच्या लोकांनी प्रत्येक तवाफाच्या जागी चार रकात जोडल्या. वीस रकातींत मधले विसावे चार, चार चोक सोळा, वीस आणि सोळा छत्तीस. म्हणून म्हटलं होतं, विसावा लक्षात ठेवा. दोन शहरांतली चढाओढ नमाजच्या मधल्या मोकळ्या वेळात शिरली, असं हे स्पष्टीकरण सांगतं. मला ते आवडतं. आणि हिशोब इतका नेटका जमतो म्हणूनच मी त्याच्याकडे जरा संशयाने बघतो. आकडा आधी असतो आणि त्याला बसणारी गोष्ट नंतर तयार होते, असंही होऊ शकतं. छत्तीसची चाल या स्पष्टीकरणापेक्षा जुनी आहे, एवढं नक्की.

या सगळ्यात मला सर्वांत उपयोगी वाटलेलं पुस्तक अतिया मुहंमद सालिम यांचं आहे. ते मदिनेत न्यायाधीश होते, पैगंबरांच्या मशिदीत शिकवायचे. त्या एका मशिदीत हजार वर्षांहून जास्त काळ तरावीह कशी झाली, हे त्यांनी शतकाशतकाने मांडलंय. प्रश्नच बदलला बघा. किती रकात बरोबर, याऐवजी या ठिकाणी काय घडत आलं. त्यात एक नोंद अशी आहे की हदीसचे मोठे विद्वान जैनुद्दीन इराकी (मृत्यू १४०४) मदिनेच्या मशिदीचे इमाम झाले तेव्हा त्यांनी जुनी छत्तीसची चाल वेगळ्या रीतीने परत आणली : वीस रकात इशानंतर आणि सोळा रात्रीच्या शेवटी. म्हणजे मदिनेची जुनी रीतही राहिली आणि बाकी मुस्लिम जगातली वीसची रीतही. इतका व्यवहारी तोडगा पुस्तिकांच्या वादात कधी दिसत नाही. पण सालिम यांचं पुस्तकही वादापासून अलिप्त नाही. हजार वर्षांत कुणी आठच्या पुढे जायला मनाई केली होती का, असा रोख त्यात आहे, आणि तो कुणाकडे आहे हे कळायला वेळ लागत नाही. तेव्हा त्यातली माहिती घ्या, रोख ओळखून घ्या.

आता आपल्याकडे. महाराष्ट्रात किंवा जवळपास काम करणार असाल तर आकड्याने फार काही हाती लागणार नाही. देवबंदी आणि बरेलवी, बाकी सगळ्यावर भांडतील, पण तरावीह दोघांची वीस. अहल-ए-हदीस आठ पढतात. कोकणी मुसलमान शाफिई, त्यांच्याही वीस. मग फरक कुठे दिसतो? उदाहरणार्थ वित्रमध्ये. हनफी तीन रकात एका सलामाने पढतात, शाफिईंमध्ये दोन पढून सलाम आणि मग एक, ही रीत आहे. तुमच्या तक्त्यात दोघांसमोर '२० + ३' लिहिलंत की हा फरक गायब झाला. मुंबईसारख्या शहरात तर वेगळ्याच गोष्टी दिसतील. व्यापारी, दुकानदार लोकांसाठी काही ठिकाणी तीन, पाच, दहा रात्रींत कुरआनचा खत्म होतो, म्हणजे उरलेल्या महिन्यात धंद्याच्या ऐन दिवसांत छोट्या सूरांवर भागवता येतं. हाफिजच्या मागे पहिल्या ओळीत दुसरा हाफिज उभा असतो, तो सामे. पठणात चूक झाली की तो मागून लुकमा देतो. हाफिजला खत्मच्या रात्री दिला जाणारा हदिया घ्यावा की नाही, यावर फतवे आहेत. कुरआन ऐकवण्याची मजुरी घेणं नको, आणि महिनाभर राबलेल्या गरीब घरच्या मुलाला रिकाम्या हाताने पाठवणंही नको, या पेचातून प्रत्येक मशीद आपापली वाट काढते. एवढा मोठा विषय, आणि आठ-वीसच्या पुस्तकांत त्याला जागा नाही.

आकड्यांचंच वेड असेल तर एक चांगला आकडा देतो. भारतात छापलेल्या कुरआनच्या प्रतींत समासात ऐन हे अक्षर आणि त्याच्याबरोबर अंक दिसतात, ती रुकूची खूण. मदिनेत छापल्या जाणाऱ्या प्रतींत ही विभागणी नसते. औरंगजेबाच्या काळात तयार झालेल्या फतावा-ए-आलमगीरीत तरावीहच्या चर्चेत सांगितलंय की मशायखांनी कुरआनचे ५४० रुकू केले आणि मुसहफांत तशा खुणा केल्या, म्हणजे सत्ताविसाव्या रात्री खत्म व्हावा. रोज वीस रकात, एका रकातीला एक रुकू, सत्तावीस रात्री : बरोबर ५४०. म्हणजे वीस रकातींची तरावीह आपल्या घरातल्या मुसहफच्या समासातच छापलेली आहे! पण आजच्या प्रतींतले रुकू मोजले तर बेरीज ५४० च्या थोडी वर जाते. हिशोब पुन्हा फार नेटका होता. खुणा कधी वाढल्या, की ५४० हा आकडाच नंतर सोयीने सांगितला गेला? हस्तलिखितं पाहणाऱ्या कुणीतरी हे काम हातात घ्यायला हवं. मोजायला सुरुवात करायला तर घरातली प्रतही पुरते.

जाता जाता एक तांत्रिक सूचना. हदीसचा क्रमांक मोबाइल ॲपवरून उचलून तळटीपेत टाकू नका. आवृत्तीनुसार क्रमांक बदलतात. ग्रंथ, प्रकरण आणि आवृत्ती द्या, मग क्रमांक.

आणि बायकांचं काय? मुवत्ताच्या त्याच प्रकरणाच्या शेवटी एक छोटी रिवायत आहे, वादात ती क्वचितच कुणी उद्धृत करतं. हजरत आयशांकडे जकवान नावाचा गुलाम होता, त्यांच्या पश्चात तो मुक्त व्हायचा होता. रमजानमध्ये तो उभा राहून त्यांच्यासाठी पठण करायचा. बुखारीत याच जकवानबद्दल उल्लेख आहे की तो मुसहफमध्ये बघून इमामत करायचा. एका घरात एक गुलाम पुढे उभा आहे, हातात मुसहफ आहे आणि मागे आयशा आहेत. मशिदीतल्या मोठ्या जमातीपेक्षा हे चित्र किती वेगळं! अबू हनीफा यांच्या मते मुसहफमध्ये बघून पढल्याने नमाज बिघडते, इतर इमामांच्या मते चालतं. मेरियन कॅट्झ यांचं स्त्रिया आणि मशीद या विषयावरचं २०१४ चं इंग्रजी पुस्तक यासाठी जरूर वाचा. नियम काय सांगतात आणि बायका प्रत्यक्षात काय करत होत्या, हे दोन्ही एकाच वेळी नजरेसमोर ठेवायचं कसं, ते त्यात शिकायला मिळतं. हनफी मतात बायकांची स्वतंत्र जमात मकरूह, शाफिई मतात चालते. म्हणून कोकणातलं आणि मराठवाड्यातलं चित्र सारखंच असेल असं धरून चालू नका. जाऊन बघा.

२०२० च्या रमजानमध्ये हे सगळं एकदम उघड्यावर आलं. भारतात रोजे एप्रिलच्या शेवटी सुरू झाले, लॉकडाउन होतं, मशिदी बंद होत्या. मक्का-मदिनेच्या मशिदींत सर्वसामान्यांना प्रवेश नव्हता आणि तरावीह दहा रकातींवर आणली गेली. आठही नाही, वीसही नाही! साथ ओसरल्यावरही तिथे दहाच राहिल्या. इकडे घराघरांत हॉलमध्ये सतरंज्या पडल्या. ज्या घरात हाफिज नव्हता तिथे पुढे कोण उभं राहिलं? कॉलेजात जाणारा मुलगा, की कधी इमामत न केलेले वडील? किती सूरा पाठ होत्या? कुणी मोबाइल किंवा मुसहफ हातात धरला का? आई, आजी, सुना एरवी स्वयंपाकघर आवरून एकेकट्या पढायच्या, त्या यंदा जमातीत उभ्या राहिल्या का, आणि पुढच्या वर्षी मशिदी उघडल्यावर त्यांचं काय झालं?

ज्यांनी हे केलं ती माणसं आज तुमच्या शेजारी राहतायत, आणि दर वर्षागणिक तपशील पुसट होतोय. गाइडकडून मुलाखतींची परवानगी, संमतीपत्राचा उर्दू आणि मराठी मसुदा, एवढं या रमजानच्या आधी करून ठेवा. प्रश्नावलीत रकातींचा प्रश्न ठेवा, पण खाली, सातवा-आठवा. वर ठेवलात तर समोरचा माणूस सावरून बसेल आणि पुस्तिकेतलं उत्तर देईल.